रुसलेला वाडगा

दाताच्या डॉक्टरांनी लेथवर लाकडाचा ओंडका चढवला, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "अहो, भूल देणार ना त्याला आधी?"

डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. लाकूड कातायचं ते यंत्र घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते, पण दाढा घडवणाऱ्या हाताला वाडगा काय जड, असं त्यांना वाटत होतं. शिवाय काम निकडीचं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हातात चमचा धरून ते ताटातल्या वाटाण्यांचा पाठलाग करत आणि वाटाणे टेबलाखाली पसार होत. भरवून घेणं त्यांना मंजूर नव्हतं. उभा जन्म हेडमास्तरकी केलेला माणूस! खोलीचं दार लावून एकटेच जेवत आणि अर्धं अन्न तसंच परत पाठवत. सदरे ढगळ व्हायला लागले होते.

तेव्हा जड, न सरकणारा वाडगा करायचा, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. ओंडका देताना वखारवाल्याने बजावलं होतं, "साहेब, ओला आहे. सहा महिने वाळू द्या, नाहीतर भांडं वाकडं होईल."

"सहा महिने धीर कुणाला आहे?"

रविवारी वाडगा तयार झाला. गोल, गुळगुळीत, देखणा. बुधवारपर्यंत त्याचा एक काठ वर चढून आत झुकला आणि दुसरा पार खाली बसला.

"कुणावर रुसलाय हा?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी निदान त्याचं बूड तरी घासून सपाट केलं आणि त्याला कपाटात मागे सारलं. शुक्रवारी दिवसभर नळाला पाणी नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर घरी आले तर खरकट्या भांड्यांचा डोंगर आणि बाबांच्या खोलीचं दार बंद.

"बाबांना वाढलंस कशात?"

"तुमच्या रुसलेल्यात. दुसरं काय होतं?"

"अगं, आता माझी शाळा घेतील ते!"

दोघांनी दाराला कान लावले. ना चमच्याची खडखड, ना चिडचिड. मग एकदम दार उघडलं. बाबांच्या काखेत रिकामा वाडगा होता.

"सूनबाई, अजून थोडा भात वाढ." मग मुलाकडे वळून, "चमचा या उंच काठाला टेकला की घास आपोआप चढतो. हे डोकं कुणाचं?"

"बाबा, ते जरा बिघ..."

बायकोने डॉक्टरांच्या पायावर पाय दिला. "यांचंच, बाबा! आठवडाभर झोप नव्हती."

दुसऱ्या दिवशी बाबा सगळ्यांबरोबर टेबलावर जेवायला बसले. पंधरवड्यात सदरे अंगाला बसायला लागले. मग हाताच्या व्यायामाला ते जात तिथल्या, तसाच हात लुळा पडलेल्या पाच जणांना त्यांनी परस्पर वाडगे कबूल करून टाकले.

डॉक्टर वखारीत धावले. "ओलं लाकूड द्या. जितकं ओलं तितकं बरं."

वखारवाला बघतच राहिला. "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

पण आता लाकूड हट्टाला पेटलं. एक वाडगा तडकला, चार कवायतीला उभे राहिल्यासारखे सरळ राहिले. बाबा एकेक हातात घेऊन परत करत. "छे, सरळ झालाय." सहावा मात्र सोमवारी कलला, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, झुकला! झुकला!" बाबांनी काठीने जमीन ठोकून दाद दिली.

बिनकामाचे चार वाडगे डॉक्टरांनी दवाखान्यातल्या फळीवर टाकले. तिथे दुखऱ्या गालाला हात लावलेला एक पेशंटही थबकला.

"वा, काय सुबक काम! एकसुद्धा वाकडा नाही!"

डॉक्टर ओशाळले. "काय करणार," ते म्हणाले, "अजून हात बसला नाही."