बाळारामतात्यांची गाठीची दोरी

लेकीच्या लग्नाची वरात दारात आलेली असताना आमच्या पूर्णे गावचे बाळारामतात्या मांडवातल्या खुर्च्या दोरीने मोजत होते. "दाटी करू नका रं. दाटीत शेंग धरत न्हाय," म्हणाले, आणि व्याह्यांची खुर्ची हातभर मागे सरकवली.

ती गाठी मारलेली दोरी कायम त्यांच्या खांद्यावर. गावची भातशेती गोदामांखाली गेली, पण दोन गोदामांमधली पाणी न धरणारी एक पट्टी तात्यांनी राखली आणि तिच्यात सोयाबीन घातलं. भिवंडीत सोयाबीन म्हणून लोक हसले. तात्या शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, किती उगवले ते बघून बी किती लागेल ते ठरवायचे. दोन ओळींत दोरीच्या गाठीवर मोजून दीड फूट. बोटभर इकडेतिकडे झालं की अख्खी ओळ पुन्हा. मी शेजारचा, गोदामात ड्युटी करतो. पेरणीला सुट्टी टाकून जायचो आणि बोलणी खायचो.

काठीने टोचून दाणे टाकायचं काम त्यांच्या बायकोचं, जनाकाकीचं. दिवाळीनंतर तिच्या अंगावरून वारं गेलं. वॉकर आला, पण काकी ओटीवरून उतरेना. "माझा शेत संपला," एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, चालली नाही तर पाय कायमचे जातील. तात्या त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

यंदा पेरणीला गेलो, तर दोरीच्या जुन्या गाठी सोडून नव्या मारलेल्या. दोन ओळींत अडीच फूट.

"तात्या, मोकळ्या जागेत तण माजेल. तुम्हीच शिकवलंत ना?"

"टोच तू."

"निम्मं बी उरेल."

"उरू दे. टोच म्हटला ना."

आवाज असा, की कामाला आलेल्या बायका मागे सरकल्या. पहिल्या दोन ओळी कशाबशा टोचल्या. मागे बघतो तर हा माणूस ओळींमधली नांगरलेली माती पायांनी तुडवून घट्ट करतोय. माझं टाळकंच फिरलं. काठी टाकली आणि बांधावर जाऊन बसलो.

तेवढ्यात सून एका हाताने काकीला धरून, दुसऱ्या हातात वॉकर घेऊन आली. काकी वाटभर कुरकुरत होती. तात्यांनी वॉकर घेतला आणि त्या दोन ओळींमध्ये ठेवला. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली. नवी गाठ कशावरून मोजली होती ते मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

"चाल," तात्या म्हणाले.

काकी उभीच. मग वॉकर वीतभर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. आठ-दहा पावलांवर ती वाकली आणि मातीत बोट घातलं.

"बी खोल गेलंय. कोणी टोचलं ह्ये?"

मी हात वर केला. पोटभर बोलणी खाल्ली.

हसत-रडत बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. तात्यांनी खांद्यावरच्या दोरीनेच डोळे पुसले.

"दाटी करू नका रं," ते म्हणाले. "तिला जाऊ द्या."