सार्जंट प्यो माफी मागतात

मालिकेच्या तिसऱ्या भागात वरिष्ठाने नव्या शिपायाला छातीत लाथ घातली, शिपाई छावणीतून पळाला आणि मिरानने टीव्हीचा आवाज बंद केला.

“अहो, तुमच्या तुकडीतूनही कुणीतरी पळालं होतं ना?”

“हो, एक होता. मावशीकडे सापडला. सांगितलंय की तुला.”

“सांगितलंय. हसत हसत. आपल्या लग्नातसुद्धा. पण तो पळाला कशाने, ते कधी नाही सांगितलंत.”

प्यो ग्युसोकने संत्रं सोलायला घेतलं. वीस वर्षांपूर्वी, सक्तीच्या सैनिकी सेवेत तो सार्जंट होता. शेवयांचा लगदा केला म्हणून त्याने एका पोराला हात पाठीमागे बांधून, डोकं जमिनीला टेकवून तासभर ओणवं ठेवलं होतं. दोनच दिवसांनी गुक यंगबे पळाला. या दोन गोष्टी इतकी वर्षं त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत बिऱ्हाड करून होत्या. मालिकेने मधली भिंत पाडली.

“माझ्यामुळेच पळाला गं तो.”

“मग जा आणि माफी मागा,” मिरान म्हणाली आणि तिने संत्रं त्याच्या हातून काढून घेतलं.

यंगबेचं सुवॉन शहरात डुकराचे शिजवलेले पाय विकणारं हॉटेल होतं. शनिवारी दुपारी ग्युसोक नासपतींची पेटी घेऊन आत शिरला. गल्ल्यावरच्या यंगबेने वर पाहिलं, त्याच्या हातातली कात्री गळून पडली आणि चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला तो मालक गिऱ्हाइकांसमोर ताठ उभा राहून ओरडला, “शिपाई गुक यंगबे, हजर!”

ग्युसोक घाईघाईने कमरेत वाकला. सार्जंट वाकल्यावर शिपायाने उभं कसं राहायचं? यंगबे त्याहून खाली वाकला. ग्युसोकने गुडघे टेकले. यंगबेने कपाळ टेकलं.

“शूटिंग चाललंय वाटतं,” कोपऱ्यातल्या बाई म्हणाल्या आणि केस सारखे करू लागल्या.

ग्युसोकने वाटेत गाडीत पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. मी तुझा छळ केला, तुला माणूस समजलो नाही, माझ्यामुळे तुझ्यावर पळायची वेळ आली. आवाजही योग्य त्या जागी कापरा झाला.

“सार्जंटसाहेब,” यंगबे फरशीवरूनच बोलला, “मी पळालो ते पोरीपायी. तिचं दुसरीकडे जमलं होतं. पण मी पळाल्यामुळे तुमची रजा रद्द झाली, तुमच्या आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाची. तेव्हापासून मला धास्ती, एक ना एक दिवस तुम्ही जाब विचारायला येणार.”

“आणि ते तासभर ओणवं ठेवलं ते?”

“छे! माझ्या शेवया एक नंबर व्हायच्या. ते आपल्या तुकडीतल्या थाकला.”

ग्युसोकला हायसं वाटलं. तसं वाटायला नको होतं, हे त्याला जरा उशिराने कळलं.

“हा थाक आता असतो कुठे?”

“इथेच की. दर शनिवारी येतो.” यंगबेने हनुवटीने खिडकीकडे दाखवलं.

खिडकीजवळ पाठमोरा बसलेला माणूस शांतपणे जेवत होता. त्याने शेवटचा घास संपवला, तोंड पुसलं, कागदी रुमालाची नीट घडी घातली आणि तो वळला.

“ऐकलं मी सगळं,” थाक म्हणाला. “बोललात छान. फक्त माणूस चुकला.” त्याने समोरची खुर्ची पायाने बाहेर ढकलली. “बसा. आता मला सांगा. आणि पूर्ण नाव घेऊन सांगा, म्हणजे परत घोटाळा नको.”

ग्युसोक बसला. नासपतींची पेटी यंगबेच्या मांडीवर जाऊन पोचली होती. पाठ केलेलं भाषण खर्ची पडलं होतं. पण खरी अडचण वेगळीच होती. थाक हे झालं आडनाव. पुढचं नाव त्याला आठवेना. कारण ते त्याने कधी उच्चारलंच नव्हतं; वर्षभर त्याने या माणसाला फक्त ‘ए’ म्हणून हाक मारली होती.

थाकने हाताची घडी घातली. त्याला कसलीच घाई दिसत नव्हती.