श्रमदानापुरता बंधारा

रविवारी सकाळी साडेनऊला महाडहून निघालेल्या तीन जीपगाड्या पाथरवाडीच्या ओढ्यावर पोचल्या, तेव्हा ओढ्यात करण्यासारखं काही कामच उरलेलं नाही हे सेवक कमलाकर यांच्या लक्षात आलं. बंधारा बांधून झाला होता.

कमलाकर मेहेंदळे हे विमा कंपनीत विकास अधिकारी, आणि जुलैपासून महाड स्नेहसेवा क्लबचे अध्यक्ष. क्लबात प्रत्येकाच्या नावामागे 'सेवक' लावायची पद्धत होती. घरी गडीमाणसं असलेल्यांना ती फार आवडे. पोलादपूरच्या वर, घाटाच्या पोटातल्या या वाडीची विहीर दर फेब्रुवारीत आटायची. म्हणून रिकाम्या गोण्यांत माती भरून, त्यांची तोंडं शिवून, ओढ्यात एकावर एक रचायच्या आणि पाणी अडवायचं, असा यंदाचा प्रकल्प होता. गोण्या क्लबच्या, श्रम क्लबचे. आणि ते श्रम पाहायला प्रांतपालसाहेब, म्हणजे चार जिल्ह्यांतल्या सगळ्या स्नेहसेवा क्लबांचे प्रमुख, महाबळेश्वरहून घाट उतरून अकरा वाजता येणार होते. उत्कृष्ट प्रकल्पाची ढाल महाडला आजवर एकदाही मिळाली नव्हती. गेल्या वर्षी तर ती एका क्लबाने एसटी स्टँडवर चार बाकडी ठेवून नेली होती.

गोण्या शुक्रवारीच टेम्पोने वर पाठवल्या होत्या. घोळ तिथेच झाला.

"भागोजीबाबा, हे कुणी केलं?" कमलाकरांनी वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्याला विचारलं.

"आमीच की, सायेब. गोण्या आल्या, म्हनलं पडून कशाला ऱ्हातात. काल सकाळी लागलो, दुपारच्याला झाला."

"पण आज आम्ही येणार होतो ना श्रमदानाला."

"मग आलाव की. बसा. रंगू, चाय ठेव गो."

कमरेइतकं पाणी तुंबलं होतं. बायका हंडे भरून नेत होत्या. नव्या पिवळ्या टोप्या घातलेले अठरा सेवक लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे काठावर उभे होते.

"अध्यक्ष, नुसता बंधारा दाखवून भागायचं नाही," क्लबचे सचिव डॉक्टर देवव्रत म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते. "अहवालात 'सदस्यांचा प्रत्यक्ष सहभाग' असा रकाना आहे. त्याला चाळीस गुण आहेत."

"मग काय करायचं?"

"वरचे दोन थर काढून ठेवू. साहेबांची गाडी दिसली की परत लावू. दातावरची टोपी मी रोज काढतो आणि बसवतो. त्यात काही नाही."

धडधाकट माणसाला त्याच्या मरणाचे फायदे हसतमुखाने समजावून सांगण्यात कमलाकरांची वीस वर्षं गेली होती. तरी भागोजीला हे समजावताना त्यांना घाम फुटला.

"काढायचा?" भागोजी म्हणाला. "पन लावलेला हाय तो."

"हो, पण आम्ही लावलेला नाही ना."

भागोजीने यावर पुष्कळ विचार केला. चहा घेऊन आलेली त्याची बायको रंगूबाई म्हणाली, "त्यापरीस मी भिताडावर गोवऱ्या थापल्यात, त्या काढा नि परत लावा. बंधाऱ्याला हात कशापायी लावताव?"

पण आलेल्या पाहुण्यांना नाही म्हणणं भागोजीला जमलं नाही. पावणेअकराला वरचे दोन थर निघाले.

अकरा वाजले, बारा वाजले. प्रांतपालांचा पत्ता नव्हता. खिंडारातून पाणी वाहत होतं आणि जाताजाता खालच्या गोण्यांची माती थोडी थोडी नेत होतं. एक वाजता सेवकांना भुका लागल्या. बरोबर बिस्किटांचे चार पुडे तेवढे होते. मग वाडीतल्या बायकांनी चुली पेटवल्या आणि अठरा माणसांना तांदळाच्या भाकऱ्या नि कुळथाचं पिठलं वाढलं. सेवेला सुरुवात झाली ती अशी, वाडीकडून.

दुसरी भाकरी पानात पडत होती तेव्हा ओढ्याकडून एखादी म्हैस खाली बसावी तसा आवाज आला. सगळे धावले. मधल्या गोण्या सरकल्या होत्या, आणि बघता बघता सगळा बंधारा आडवा झाला. क्लबचा कापडी फलक बांबूंसकट वाहून गेला. खाली सावलीला वाळूत लावलेली एक जीप चाकांच्या आसापर्यंत रुतली. ती काढायला वाडीतल्या माणसांनी बैलजोडी आणली. जीप निघाल्यावर डॉक्टर देवव्रतांना आठवलं की दुपारी एक अवघड दाढ काढायची आहे. मग बाकीच्या सेवकांनाही एकेक कामं आठवली.

"तुम्ही साहेबांना सांभाळून घ्या, अध्यक्ष," असं म्हणून डॉक्टर जीपमध्ये बसले. तिन्ही जीपगाड्या गेल्या.

रंगूबाई हंडा घेऊन ओढ्यावर आली. ओढ्यात घोट्याएवढी धार उरली होती. ती हंडा उपडा ठेवून त्याच्याशेजारी बसली. कमलाकरांना वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली, चष्मा काढून टोपीत ठेवला आणि म्हणाले, "भागोजीबाबा, माती कुठली घ्यायची?"

भागोजीने त्यांच्या इस्त्रीच्या पँटीकडे पाहिलं आणि आपला एक पंचा आणून दिला.

पंचा नि बनियन अशा वेषात कमलाकरांनी वाडीतल्या माणसांबरोबर दोन तास घमेली वाहिली. तळहातांना फोड आले. त्यांनी शिवलेली गोणी रंगूबाई मुकाट्याने उसवायची आणि पुन्हा शिवायची. चौथी गोणी मात्र तिने उसवली नाही, आणि त्याचा कमलाकरांना आपल्या बढतीपेक्षा जास्त आनंद झाला. साडेचारला शेवटचा थर बसला. पाणी अडलं.

तेवढ्यात प्रांतपालांची मोटार आली. घाटात टायर फुटला होता. सूट घातलेले साहेब, त्यांचा फोटोग्राफर आणि डिकीत ब्लँकेटं. कमलाकर हात जोडून पुढे झाले. साहेबांनी त्यांना एकदाच, जुलैत, कोट आणि गळ्यात अध्यक्षपदाचा पट्टा घातलेला असताना पाहिलं होतं. आता समोर होता तो मातीने केसांपर्यंत माखलेला, डोळे बारीक करून बघणारा एक माणूस.

"वा, वा. बांधला का बंधारा?" साहेबांनी विचारलं. "क्लबचे लोक कुठे आहेत, बाबा?"

"गेले," कमलाकर म्हणाले. आणि ते टोपीत ठेवलेला चष्मा शोधू लागले.

"काम केलं आणि गेले? फोटोलासुद्धा थांबले नाहीत?" साहेबांनी डोळे पुसले. "याला म्हणतात सेवा. घ्या बाबा, थंडीचे दिवस आहेत."

कमलाकरांच्या हातात ब्लँकेट आलं. ते खुलासा करणार, तोच रंगूबाई म्हणाली, "घ्या की. काकडलाव किती." फोटोग्राफरने फ्लॅश मारला.

जानेवारीत वार्षिक अधिवेशनात 'प्रसिद्धीची अपेक्षा न धरता केलेल्या कार्याबद्दल' महाड क्लबाला ढाल मिळाली. व्यासपीठावर टेबलाएवढा मोठा करून तो फोटो लावला होता. खाली लिहिलं होतं : 'पाथरवाडीचा एक वृद्ध शेतकरी'. पुढच्या रांगेत बसलेल्या कमलाकरांच्या पत्नी चारुशीलाबाई बराच वेळ फोटोकडे, मग व्यासपीठावरच्या नवऱ्याकडे, आणि पुन्हा फोटोकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. शेजारच्या बाईंना वाटलं, गरिबी पाहून भरून आलं असेल.

ढाल देताना प्रांतपालांनी कोटातल्या कमलाकरांचा हात हातात घेतला. तळव्यावरचे फोडांचे खरखरीत वण त्यांना लागले असावेत. क्षणभर ते थबकले. मग कानाशी लागून म्हणाले, "तुमची माणसं चांगली आहेत, पण सवड काढून एकदा तुम्ही स्वतः त्या वाडीत जा. त्या म्हाताऱ्याला भेटा. आपल्यासारख्यांनी अशा माणसांकडून शिकायला हवं."

"हो साहेब," कमलाकर म्हणाले. "प्रयत्न करतो."