खाली दिवा, वर बर्फ

गुलाबकाकाजींनी गाडी उभी केली की हँडब्रेक नंतर, परात आधी. परातीत दोन बोटं पाणी ओतायचं, ती गाडीतल्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवायची आणि पाणी कोणत्या बाजूला धावतं ते पाहायचं. मग कोणीतरी खाली उतरून त्या बाजूच्या चाकापुढे वीट ठेवायची. कोणीतरी म्हणजे मीच, दुसरा कोण रिकामा सापडतो? काकाजी गाडी वीतभर पुढे घेणार, चाक विटेवर चढणार, पुन्हा परात. "आणखी एक आन बे विलास! पानी अजून डायवर साइडले पयते." भर उन्हात विटा वाहताना मी मनात काय काय बोललो असेन ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकाजी म्हणजे आर्वीतले आमचे शेजारी. जन्मभर एसटी चालवली, आणि रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात तसे हे एका जुन्या मॅटाडोरला लागले. तिच्यात लाकडी बाज ठोकली, स्टोव्ह बसवला, खिडकीला काकूंच्या जुन्या लुगड्याचे पडदे लावले. आणि कुठल्याशा लिलावातून एक म्हातारा फ्रिज आणला. तोही रॉकेलवर चालणारा! खाली कंदिलासारखी वात, वर गारवा. लोड शेडिंगच्या दिवसांत आमच्या आळीत तेवढा एकच फ्रिज चालायचा, आणि तो घरात नाही, गाडीत. शेजारपाजारचे मुद्दाम पाहायला येत. "खाली दिवा जळते अन् वर बर्फ जमते, मी खोटं बोलतो का? वाकून पाह्य!" असं म्हणून काकाजी प्रत्येकाला वाकायला लावत. या फ्रिजची एकच अट होती. तो अगदी सपाट उभा पाहिजे, जरा कलला की रुसलाच. म्हणून ती परात.

आता एवढी यातायात कशासाठी, तर काकूंसाठी. कमलकाकूंना साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. ते औषध उन्हात तापलं तरी वाया आणि गोठलं तरी वाया. काकाजींच्या मनात काकूंना गाडीतून फिरवायचं होतं आणि नागपूरच्या सुधीरचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, ठाम विरोध.

"बाबा, आईला घेऊन रानोमाळ हिंडणार? औषध खराब झालं तर?"

"म्या दुनिया फिरवली. घरची बाई तेवढी ओट्यावर बसून राह्यली. आता आपन हटत नसतो!"

'आपन हटत नसतो' हे काकाजींचं ठरलेलं वाक्य. समोरून ट्रक आला तरी तेच आणि डॉक्टर आला तरी तेच. शेवटी काकूंच्या समोर बाप-लेकात तह झाला. औषधाची एक बाटली जरी नासली तरी मॅटाडोर विकायची आणि आईला पुन्हा गावाबाहेर न्यायचं नाव काढायचं नाही. काकाजींनी लगेच हात पुढे केला. त्या दिवसापासून काकू रोज गाडीतल्या पडद्यांची धूळ झटकू लागल्या.

सुधीर एक वेळ परवडला, पण खरा वैरी निघाला तो बर्फ.

त्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फ असा काही जमायचा की बाप्पा रे बाप्पा! आज पापुद्रा, परवा बोटभर, आठवड्यात कप्प्याचं तोंडच बंद. काकाजींच्या लेखी ते सरळसरळ अतिक्रमण होतं. "पाह्य कसा रोडवर पसरला लेकाचा! साइड दे बे, साइड दे!" असं बर्फाला दरडावताना मी त्यांना या कानांनी ऐकलेलं आहे. एकदा मी सहज म्हणालो, "काकाजी, स्क्रू ड्रायव्हरनं टोचून काढा ना, दोन मिनिटांचं काम." तर माझ्या अंगावर धावून आले. "तुह्या पोटात खुपसू का स्क्रू डायवर? आतून नळी जाते त्याच्या! फुटली का संपलं!"

त्यांची रीत वेगळी. दर चौथ्या दिवशी सकाळी औषध काढून ओल्या फडक्यात गुंडाळायचं, वात विझवायची, कप्प्यात गरम पाण्याचं गंज, म्हणजे पातेलं, ठेवायचं आणि दार उघडं टाकून समोर मांडी घालून बसायचं. बर्फाचा पहिला तुकडा धाडकन पडला की टाळी! मग सगळं कोरडं पुसायचं, कारण ओल राहिली की उद्या पुन्हा तोच तमाशा. शेवटी दाराच्या रबराची परीक्षा. एसटीचं जुनं तिकीट दारात धरायचं, दार लावायचं आणि तिकीट ओढायचं. अडकलं तर रबर पास. सुळकन निघालं तर, "हवा आत शिरून राह्यली! फुकट्या पॅसिंजर!" की निघाले रबराला पावडर लावायला. हा सोहळा मी इतक्यांदा पाहिला की मला तो झोपेतही करता येईल.

पहिली परीक्षा केळझरच्या गणपतीची. तिथे देवळाखाली सपाट जागा मिळेना, म्हणून मी सात-आठ विटा घेऊन लोकांच्या चपलांमधून फिरत होतो. काकूंनी दर्शन घेतलं, सावलीत डबा खाल्ला, आणि परतताना पुढच्या सीटवर बसून गाणं गुणगुणल्या. औषध गार, न गोठलेलं. एसटीडी बूथवरून काकाजींनी सुधीरला असा काही फोन केला की बूथवाल्यानं कानांत बोटं घातली.

मग काकूंना विचारलं, आता कुठे? शेगाव? माहूर? काकू म्हणाल्या, "बोरखेडी."

बोरखेडी म्हणजे रस्ता जिथे संपतो तिथलं गाव. काकाजींची वस्तीची गाडी तिथे जायची. संध्याकाळी पोचायची, रात्री मुक्काम, पहाटे परत. वर्षानुवर्षं.

"अवं, तिथं काय हाय? ना देऊळ, ना धरण."

"तुमचं अर्धं आयुष्य हाय तिथं," काकू म्हणाल्या. "मले पाह्याचं हाय."

निघालो. मीही गेलो, विटांसकट. आणि बोरखेडीनं काय केलं म्हणता? आमचे डायवरसाहेब आले म्हणून गावानं गाडीला गराडाच घातला. हार, नारळ, चहावर चहा. अन् तो फ्रिज! खाली दिवा, वर बर्फ, हे पाहायला अख्खं गाव लोटलं. दार उघड, दार लाव. पोरंसोरं बर्फाला बोट लावून किंचाळत होती. शिवाय पाहुण्यांच्या गाडीत रिकामा फ्रिज ठेवायचा म्हणजे गावाची इज्जत काय राहिली? कोणी गरम दूध आणून ठेवलं, कोणी खव्याचा डबा, कोणी आंब्याच्या रसाचं भांडं. काकाजी एवढे फुगले होते की त्यांना हे काही दिसेना. मी दोनदा म्हणालो, "काकाजी, गरम वस्तू आत नको, वाफेचा बर्फ होतो." त्यावर मलाच ऐकावं लागलं. "तू मले शिकवतं का? गावाचं मन मोडू का मी?" त्यात तो चौथा दिवस होता, बर्फ काढायचा. तोही राहिला.

तीन दिवसांचा मुक्काम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुईची वेळ झाली म्हणून काकाजींनी फ्रिज उघडला. औषधाचा डबा जागेवर नव्हता.

शोधाशोध झाली तेव्हा सरपंचाची म्हातारी आई हसत पुढे आली. "वहिनीचं औषध ना? मी सकायीच वरतं ठुलं, भाऊ. खाली दुधात कोंबलेलं होतं. म्हनलं, औषध हाय, सगळ्यात गार जागी असू द्याव."

वरच्या कप्प्याचं तोंड बर्फानं बुजलं होतं. काकाजींनी गरम पाण्याचं गंज ठेवलं. पहिल्यांदाच बर्फाला एक शब्दही न बोलता बसले. डबा निघाला. बाटली निघाली. आतलं औषध गोठून पांढरं झालं होतं.

म्हातारी घाबरली. "माय वो, माह्यं काई चुकलं का?"

"नाई माय, तुमी काऊन चुकता?" काकाजी म्हणाले. खरं सांगतो, त्या क्षणी त्या माणसाचा मला अभिमान वाटला. मी त्यांच्या जागी असतो तर गाव डोक्यावर घेतलं असतं. म्हातारी गेल्यावर ते गाडीच्या पायरीवर बसले. काकूंची सुई राहणार, वर्ध्याचा दवाखाना लांब, आणि सुधीरला दिलेला शब्द. "हटलो रे मी, विलास," ते म्हणाले. "विकतो गाडी. बर्फानं हरवलं मले."

काकूंनी हे ऐकलं. त्या उठल्या, गाडीतल्या पिण्याच्या पाण्याच्या माठाकडे गेल्या, आणि माठाखालच्या ओल्या रेतीत हात घालून फडक्यात गुंडाळलेली एक बंद डबी काढली. आत दुसरी बाटली. बाहेरून हात लावला तर मस्त गार.

"दवाखान्यातल्या नर्सबाईनंच सांगतलं होतं," काकू म्हणाल्या. "ज्याच्या घरी फ्रिज नाई, त्यानं असं ठेवाव म्हने. मी केळझरलेई नेली होती. दर खेपेले नेतो."

काकाजींचा आवाज परत आला. पूर्ण आला. "अन् मंग मी हे लोखंड काऊन वाहून राह्यलो? विटा काऊन? परात काऊन? हा विलास काऊन?"

शेवटच्या प्रश्नाशी मी सहमत होतो.

"फ्रिज नसता तं तुमी निंगले असते का?" काकू शांतपणे म्हणाल्या. "आपन हटत नसतो म्हनता, अन् माह्या एका सुईले इतके भेता का मले शिंक आली तरी डॉक्टरले बलावता. सगळं बरोबर हाय असं वाटलं तेव्हाच तुमी मले घराबाहीर काढलं. मंग मी कायले सांगू?"



काकूंनी सुई भरली. पण गाडीत बसेनात. "तुमी झोपत कुठं होते, ते दाखवा पहिले," म्हणाल्या. काकाजींनी समोरच्या शाळेचा ओटा दाखवला. काकू तिथे जाऊन बसल्या, पदर सारून दंडाला सुई घेतली, आणि मग ओट्याच्या फरशीवरून हात फिरवला. फरशी दिवसभराच्या उन्हानं अजून गरम होती.

"इथं?"

"हव."

"झोप येत होती?"

काकाजी उभेच होते. आर्वीच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "नाई वो. कधीच आली नाई. तू एकटी, पोरगं लहान, दाराची कडी ढिली. हे गाव अजून म्हनते का गुलाब डायवरची पहाटची गाडी एक दिवस लेट झाली नाई. होईन कशी? मी जागाच राहो."

काकूंनी दंड चोळला. बराच वेळ चोळत राहिल्या.

"मी बी," त्या म्हणाल्या.

मी गाडीच्या मागच्या बाजूला निघून गेलो.