रिखबशेठच्या गोळीला बहुमत

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात पारोळ्याच्या मोतीलाल आबांच्या रक्तात साखर सापडली. उपाशीपोटी एकशे नव्वद. आबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्याला सात वर्षं झाली होती. पण घरातलं मीठ संपलं तर अजूनही ते बायकोकडून लेखी मागणी घेत. साखर मात्र मागणीवाचूनच आली होती, याचं त्यांना जास्त दुःख झालं.

आणि वेळही वाईट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक कोकिळा चाळीसगावहून माहेरी येणार, बायको भागाबाई खापरावर पुरणाचे मांडे करणार, पातेलंभर आमरस होणार. सगळं घर मांडे खाणार आणि आबा समोर बसून दुधीची भाजी चिवडणार? नाही. महिनाभरात साखर खाली आणायचीच, असं त्यांनी ठरवलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉ. रत्ना नव्यानेच आल्या होत्या. त्यांनी गोळी लिहायच्या आधी अकरा प्रश्न विचारले. आणखी कोणती औषधं चालू आहेत? गुडघ्यासाठी काही घेता का? जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत का? उपास किती करता? शेवटी म्हणाल्या, "आबा, मूत्रपिंडाची तपासणी करू. रिपोर्ट आला की गोळी लिहिते. कमी मात्रेनं सुरू करू, मग बघू."

आबा भागाबाईंबरोबर घरी आले ते फुरंगटूनच. जन्मभर लोकांच्या अर्जात त्रुटी काढणाऱ्या माणसाच्या रक्तात एका पोरीने त्रुटी काढावी, हे त्यांना सोसेना.

"एका गोळीसाठी अकरा प्रश्न! आमच्या काळी बंदुकीचा परवाना याहून लवकर निघायचा."

"मग बंदूकच ल्या," भागाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकरण रिखबशेठच्या दुकानाच्या ओट्यावर गेलं. शेठ कापडवाले. त्यांची साखर पंधरा वर्षांची जुनी, त्यामुळे गल्लीत या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

"आबा, कशाला हिंडता? माझी गोळी घ्या. पंधरा वर्षांची पाळलेली गोळी आहे, कधी चावली नाही."

आबांना हे पटलं. पण ते नियमाचे माणूस. नुसतं कुणी सांगितलं म्हणून गोळी घेणं धोक्याचं, हे त्यांना कळत होतं. म्हणून सुरक्षिततेसाठी त्यांनी तिथेच 'मधुमेह गोळी समन्वय समिती' स्थापन केली. सेवाज्येष्ठतेने रिखबशेठ अध्यक्ष, आबा चिटणीस. ओट्यावर रोज बसणाऱ्या सुपडू नानांना मधुमेह नव्हता, पण त्यांच्या व्याह्यांना होता, म्हणून नानांना तज्ज्ञ सदस्य नेमलं.

डॉक्टरबाईंनी अकरा प्रश्न विचारले होते ना? समितीने सदतीस रकान्यांचं प्रपत्र केलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गोत्र, पूर्वी कोणत्या समितीवर काम केलं असल्यास तपशील. आबांनी ते तीन प्रतींत भरलं. मूत्रपिंडाचाही एक रकाना होता. त्यात त्यांनी 'निरंक' लिहिलं. मग गोळी मतास टाकली. तीन विरुद्ध शून्य.

औषधाच्या दुकानात तर कामच सोपं झालं.

"रिखबशेठवाली द्या."

दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "किती पाकिटं?"

शेठचं वजन ब्याण्णव किलो, आबांचं बावन्न. पण ठरावात वजनाचा उल्लेख नव्हता.

आठवड्याने साखर एकशे तीसवर आली. समितीने अभिनंदनाचा ठराव केला. निकाल इतका चांगला तर मात्रा वाढवायला काय हरकत, असं तज्ज्ञ सदस्य म्हणाले आणि सकाळच्या गोळीला संध्याकाळची जोड मिळाली. शेठच्या चिठ्ठीच्या झेरॉक्स प्रती गल्लीत फिरू लागल्या. एका घरी त्या प्रतीवर सुनेने भाजीची यादी लिहिली, तर तिच्या सासूबाई गोळीबरोबर गिलकंही सकाळ-संध्याकाळ घेऊ लागल्या.

त्याच सुमारास दवाखान्यातून फोन आला. "आबा, रिपोर्ट आलाय. मूत्रपिंड जरा थकलंय. घाबरू नका, पण गोळी जपून निवडावी लागेल. येऊन जा."

आबांनी वहीत लिहिलं, 'फोन आला. नोंद घेतली. नस्ती बंद.'

मग संकष्टी आली. आबांची संकष्टी कडक. चंद्र दिसेपर्यंत पाण्यावाचून काही नाही. सकाळी गोळी हातात घेऊन ते क्षणभर थबकले. चिठ्ठीवर 'जेवणाआधी' लिहिलं होतं. पण रजेवर जेवण होतं, गोळी नव्हती. तिला गैरहजर कसं ठेवणार? त्यांनी ती घेतली. आणि संध्याकाळी चंद्र बघायच्या धांदलीत राहू नये म्हणून संध्याकाळचीही आगाऊ घेऊन टाकली.

दुपारी चार वाजता आबांचे हात कापायला लागले. अंगावरचा सदरा घामाने भिजला. समोरची वही दोन दिसायला लागली आणि दोन्हीवर त्यांची सही नव्हती.

"आयका ना! घाम काबर येई ऱ्हायना?" भागाबाई धावत आल्या. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या दारापाशी थांबवून त्यांना बजावलं होतं, 'घाम, थरथर, बोलण्यात गडबड दिसली की आधी साखर द्या, मग मला फोन.' भागाबाईंनी ते कुठेही लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या लक्षात होतं.

त्या साखरेचा डबाच घेऊन आल्या. आबांनी दात घट्ट मिटले.

"मनाई आहे," ते अडखळत म्हणाले. "ठराव क्रमांक चार. साखर... बंद. बदल करायचा तर... गणपूर्ती लागेल."

"तोंड उघडा!"

"आणि... उपास आहे."

भागाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत या माणसाने एकही अर्ज नियमाबाहेर मंजूर केला नव्हता. आता स्वतःचा जीवही मंजूर करणार नव्हता. त्या देवघराकडे पळाल्या, गणपतीपुढची खडीसाखरेची वाटी उचलली आणि आबांच्या तोंडाशी धरली.

"हाऊ परसाद शे. परसादले नही म्हनू नही."

आबांनी विचार केला. प्रसादाबाबत समितीचा कोणताही ठराव नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. मूठभर प्रसाद झाला, त्यावर साखरपाणी झालं, आणि दहा मिनिटांत वही पुन्हा एक दिसू लागली. मग भागाबाईंनी पोळी-भाजी पुढे ठेवली आणि चंद्राला न विचारता जेवायला लावलं.

फोन झाला, रिक्षा झाली. डॉ. रत्नांनी रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं, म्हणाल्या, "ही गोळी पुन्हा साखर पाडू शकते." सकाळी त्यांनी तेच अकरा प्रश्न पुन्हा विचारले. या वेळी आबांनी सगळी उत्तरं दिली, वर एक स्वतःहून सांगितलं, "संकष्टी कडक असते, बाई."

"मग आधी तिचं बघू. सवलत मिळेल का?"

"भगर चालते," भागाबाईंनी परस्पर मंजुरी दिली.

डॉक्टरबाईंनी आबांच्या मूत्रपिंडाला झेपेल अशी दुसरी गोळी लिहिली. आखाजीला कोकिळा आली. आबांना परवानगीने अर्धा मांडा मिळाला. तो त्यांनी तासभर पुरवून खाल्ला.

ही हकिगत भागाबाई आता गल्लीत रंगवून सांगतात. बायका हसून लोटपोट होतात, पदराने डोळे पुसतात, आणि मग एकजण हळूच पुढे सरकून विचारते, "ते राहू द्या अक्का. डॉक्टरीणबाईनं मग कोणती गोळी दिली? नाव सांगा ना, आमच्या ह्यांनाही आणते."

हसू नका. त्या दुसऱ्या गोळीचं नाव शोधायला तुमचीही नजर दोन परिच्छेद मागे जाऊन आलीच आहे.