विलायती मुळ्याची कोशिंबीर

वलगावचे पाहुणे मुलगी पाहायला येणार आणि जेवूनच जाणार म्हटल्यावर शेषरावाने सकाळीच कुदळ घेतली आणि मडमेचा मुळा खणून काढला. खणताना त्याच्या तोंडावर जो काही मोठेपणा होता, तो पाहून त्याची बायको पार्बताबाई धास्तावली. जयवंतेला पाहायला आलेली दोन स्थळं याआधी परत गेली होती, आणि दोन्ही वेळा नवऱ्याच्या तोंडावर हाच मोठेपणा होता. आता हे तिसरं हातचं जाऊ नये, एवढंच मागणं तिने देवापाशी मागितलं.

शेषराव म्हणजे अमरावतीच्या कॅम्पातल्या इंजिनेर साहेबाच्या बंगल्यावरचा माळी. आधीच्या साहेबाची जबलपूरला बदली झाली तेव्हा मडमेने व्हरांड्यातली एक कुंडी शेषरावाला बक्षीस दिली होती. तिच्यात हॉर्सरॅडिश होता. हे नाव काही शेषरावाच्या तोंडात बसलं नाही. तो आपला विलायती मुळा म्हणायचा. वऱ्हाडच्या उन्हात हे झाड टिकायचं नाही असं मडम स्वतःच म्हणाली होती. झालं! शेषराव हट्टाला पेटला. उन्हाळाभर त्याने ती कुंडी वाळ्याच्या तट्ट्याआड ठेवली, दिवसातून तीनदा पाणी घातलं, आणि आषाढात झाड विहिरीजवळच्या वाफ्यात लावलं. मार्गशीर्षापर्यंत त्याची मुळी मनगटाएवढी जाड झाली.

साहेब हा मुळा खायचा कसा, ते शेषरावाने खिडकीतून पाहिलेलं होतं. ताटलीच्या कडेला हरभऱ्याएवढा किस, बस. त्यावरून शेषरावाने असा निष्कर्ष काढला की साहेबलोकांना वाढायची दानतच नाही. आपल्याकडे कोशिंबीर वाटीभर वाढतात. आणि मुळा कितीही तिखट असला तरी मीठ लावून पिळला, वर दही घातलं, की गरीब होतो. तीन पिढ्यांच्या माळ्याला हे कोणी शिकवायचं?

बरं, कोणी चाखून तरी पाहायचं! पण नवं पीक आधी देवाला, मग पाहुण्याला, मग घरच्यांना, असा त्या घरचा नेम. नैवेद्याच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं. त्यामुळे त्या मुळ्याची चव त्या घरात कोणालाही ठाऊक नव्हती.

पार्बताबाई किसायला बसली. दोन हात मारले न मारले तोच तिच्या डोळ्यांना धार लागली. घरात कांदा चिरलेला नव्हता, चूलही धुपत नव्हती. मग तिने आपल्या मनानेच कारण शोधलं. पोरगी जाणार! वलगावच्या त्या घरात तीन वर्षांपासून बाईमाणूस नाही. सासरा सूर्यभानजी, नवरा मुलगा आणि त्याचे दोन तरणे भाऊ, चौघेही मुखदुर्बळ. तिथे आपली पोर बोलणार कोणाशी? असं मनात आल्यावर मात्र ती मोकळेपणी रडली. उशीर का होतोय म्हणून शेषराव रागारागाने आत आला, परातीवर वाकला, आणि त्याच्याही गालांवर पाणी ओघळलं. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला रडताना ती पहिल्यांदाच पाहत होती. एवढी माया आहे या माणसाच्या पोटात, आणि आपण त्याला उगाच बोलत आलो, असं वाटून तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आईबापांना तसं पाहून जयवंता दारातच रडायला लागली. तिने तर मुळ्याचा वासही घेतलेला नव्हता.

नेमकी तेव्हाच बाहेर दमणी थांबली आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. सूर्यभानजी उतरले, मागून सोयरीक आणणारे नत्थुजी उतरले. दारात तीन माणसं लाल डोळ्यांनी हसत उभी होती. सूर्यभानजींनी एकदा तिघांकडे पाहिलं आणि पाय धुतले.

ताटं मांडली. पुरणपोळी, वांग्याची भाजी, कढी, आणि डाव्या बाजूला वाटी भरून कोशिंबीर. देवाला नैवेद्य दाखवला. देव काही बोलला नाही. विलायतेच्या या मुळ्याचं कौतुक शेषराव इतका वेळ सांगत होता, की त्याचा मान राखायचा म्हणून सूर्यभानजींनी पहिला घास कोशिंबिरीचाच घेतला. तोही मोठा.

चाळीस वर्षं मिरची पिकवलेला माणूस तो! पण मिरची बिचारी जिभेवर थांबते. हे थेट नाकातून टाळूत गेलं. होऊ घातलेल्या व्याह्याच्या घरी घास थुंकता येत नाही. सूर्यभानजींनी तो गिळला आणि त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी ताटात पडायला लागलं.

शेषरावाला भरून आलं. किती कोवळ्या मनाचा माणूस, आणि लोक काय काय बोलतात!

"रडा जी, लाजू नोका," तो म्हणाला. "आमीबी सकायपासून तेच करून राहिलो."

आणि त्याने प्रेमाने आणखी कोशिंबीर वाढली. सूर्यभानजींनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. पण पहिला नकार तर सगळेच सभ्य पाहुणे देतात, त्याला कोण मोजतो? यजमानाने थांबायचं ते तिसऱ्या नकाराला, आणि तिसऱ्या नकारापुरता आवाज सूर्यभानजींजवळ उरला नव्हता. नत्थुजींनीही एव्हाना घास घेतला होता. ते खांबाला टेकून छताकडे पाहत होते.

जयवंता तूप वाढायला आली. तिचं लक्ष पाहुण्यांच्या कानांकडे गेलं. कान जास्वंदीसारखे लाल झाले होते. रडणाऱ्या माणसाचे कान असे होत नाहीत, एवढं तिला कळलं. भरून आणण्याच्या बहाण्याने दोन्ही वाट्या उचलल्या, त्यांच्या जागी गुळाचे खडे आणि ताकाचे पेले ठेवले, आणि वाट्या काही परत आणल्या नाहीत.

पानसुपारीच्या वेळी सूर्यभानजींचा आवाज परत आला. पोरगी पसंत आहे, एवढंच ते म्हणाले, आणि दमणीत जाऊन बसले. पार्बताबाईने देवापुढे डोकं टेकलं.

मग शेषराव जेवायला बसला.

पहिल्या घासानंतर बराच वेळ तो विहिरीवरच होता. तोंडावर पाणी मारून परत आला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. पार्बताबाईने बोटाने चाटून पाहिलं आणि तिलाही कळलं.

"अवो, तुमी इवायाले वीख चारलं," ती म्हणाली. "थ्यायनं जिवाच्या भेवानं हो म्हटलं. उद्या निरोप येते पाहा."

शेषराव अनवाणीच पळाला. वलगावच्या रस्त्यावर त्याने दमणी गाठली आणि हात जोडून सगळं सांगून टाकलं. चूक आपल्या मोठेपणाची, पोरीचा काही दोष नाही, मन नसेल तर होकार परत घ्या, असं तो म्हणाला.

सूर्यभानजी खाली उतरले आणि त्याला नत्थुजींपासून दूर, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर घेऊन गेले.

"शेषराव, मी आज नाई म्हनालेच आलो होतो," ते म्हणाले. "बंगल्यावरचे लोक, हवेत असतीन असं वाटे. पन तुमच्या पोरीनं वाटी उचलली अन कोनाले समजू देल्लं नाई. चार लोकाईत माही लाज राखली. असं मानूस मले घरात पाह्यजे."

शेषरावाला त्यांचे पाय धरावेसे वाटले. सूर्यभानजी मात्र जागचे हलेनात. तुरीच्या शेताकडे पाहत ते म्हणाले, "थो मुया उरला काय?"

"अर्धा हाय जी. काहून?"

"पोराईची माय गेली तवा मी रडलो नाई. म्हून पोरंबी नाई रडले. तीन वर्सं झाले, घरात कोनी तिचं नावबी घेत नाई. आज तुमच्या ताटावर डोये वाहाले लागले अन मले तिचीच सय आली. मंग मुयाचं रडनं कोनतं अन तिचं कोनतं, मलेच समजलं नाई. छातीवरचा गोटा उतरला पाहा." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "उरला असन तं द्या. तिघाईले खाऊ घालतो."

शेषराव आला तसाच उलटा पळाला. वाटेत त्याला कोणी काय विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही. घरी येऊन त्याने मुळा धुतला, स्वच्छ फडक्यात बांधला, आणि पुन्हा धावत जाऊन सूर्यभानजींच्या हातात दिला. पुन्हा लावायला म्हणून माळी मुळीचा एक तुकडा तरी मागे ठेवतोच. शेषरावाने सगळा दिला.