चार अक्षरांचा फाँट

गेल्या वर्षी सदूमामांना सडकून ताप आला, तेव्हा गल्लीच्या तोंडावरचा दवाखाना सोडून ते रिक्षाने थेट हातखंब्याला गेले. कारण विचारलं तर म्हणाले, "पाटी बघितलीस का ह्याची? 'ड'चं पोट गुडघ्यापर्यंत लोंबतंय. ज्याला स्वतःच्या अक्षराचं पोट सांभाळता येत नाय, तो माझ्या पोटाला हात लावणार?" दुखणं पोटाचं नव्हतंच, पण ते सांगून उपयोग नव्हता. हातखंब्याच्या डॉक्टरांची पाटी, हे सांगायला नकोच, मामांनीच रंगवलेली होती.

लग्नपत्रिका आली की मामा मुहूर्त बघत नाहीत, अक्षरांमधली अंतरं बघतात. "वधू आणि वराच्या नावात एवढी जागा? आत्ताच भांडलेत काय?" असं म्हणून पत्रिका उलटी करून ठेवतात. मग लग्नाला जातात, व्यवस्थित जेवतात आणि निघताना मुलीच्या बापाला हे ऐकवून येतात.

सदूमामा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचे पेंटर. मासेमारीच्या बोटींच्या केबिनवर नावाची पाटी असते, त्या पाट्या चाळीस वर्षं त्यांनी रंगवल्या. संदेश हा त्यांचा भाचा, तो मामा म्हणतो म्हणून सगळं बंदर मामा म्हणतं. लग्न केलं नाही. माझ्या दुकानामागच्या खोलीत एकटेच राहतात. माझं दुकान झेरॉक्स आणि टायपिंगचं, आणि तीन वर्षांपासून स्टिकर कापायच्या मशीनचं. मामांच्या पोटावर पाय आणला तो ह्याच मशीनने. हे मी आधीच सांगून टाकते, नंतर दुसऱ्या कोणी सांगितलं तर वाईट दिसतं.

तसा तोवर मामांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ब्रश पाटीला टेकेपर्यंत ठीक, टेकला की हलायचा. डॉक्टरांनी वयाचं कारण दिलं. मामांनी ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून ठेवले आणि त्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

यंदा जूनमध्ये पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होऊन बोटी किनाऱ्याला ओढल्यावर ते दुकानात आले आणि खुर्ची ओढून बसले. "फाँट करायला शिकव गो पोरी. ऑगस्टात बोटी पाण्यात जायच्या आत झाला पायजे."

मी पंचेचाळीस वर्षांची पोरी. मी म्हटलं, "मामा, मी फाँट वापरते. करत नाही."

"मग दोघं शिकू."

पुण्याचा एक तरुण मास्तर ऑनलाइन शिकवतो, असं मी शोधून काढलं. त्याच्या धड्यांची सुरुवात "नमस्कार मित्रांनो" अशी व्हायची आणि मामा प्रत्येक वेळी हात जोडून "नमस्कार" म्हणायचे. पुढे मात्र जुंपायची. डिस्प्ले टाइप म्हणजे पुस्तकातलं बारीक अक्षर नव्हे, पाटीवरचं, लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात भरणारं अक्षर, असं मास्तरने सांगितलं की मामा पडद्याला म्हणायचे, "कुणाच्या डोळ्यात ता सांग ना बाबा. त्यावर तर सगळा हाय."

माऊस हातात घेतला की पडद्यावरचा बाण ताक घुसळल्यासारखा फिरायचा. तीन दिवसांत एक सरळ रेघ निघाली नाही. गिऱ्हाईक खोळंबलेलं, मी वैतागलेली. चौथ्या दिवशी म्हटलं, "तो माऊस ठेवा बाजूला. बिंदू निवडते मी, तुम्ही नुसती बाणाची बटणं दाबा." एकदा दाबलं की बिंदू केसभर सरकतो. मामांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग आपला हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिले.

"हात हालला तरी ह्या अक्षर हालत नाय गो," ते हळूच म्हणाले. त्या दिवशीचा चहा त्यांनी मागवला. हे आमच्याकडे सहसा घडत नाही.

मग रोज दुपारी मामा माझ्याकडे. 'भ' झाला. काना झाला. काना शिरोरेषेला कुठे टेकावा ह्यावर दोन दिवस गेले. 'ग्य' झाला, 'ल' झाला. 'क्ष्मी'ने अकरा दिवस खाल्ले. तिची वेलांटी वरून मागे जाऊन खाली अशी काही वळवली होती की मी विचारलं, "ही वेलांटी आहे की बांगड्याची शेपटी?" मामा खूष झाले. म्हणाले, "दिसली ना? मग बरोबर."

आणि तिथे गाडी थांबली. मास्तरने सगळी मुळाक्षरं, जोडाक्षरं, आकडे करायला सांगितले होते. मामांनी 'क' लासुद्धा हात लावला नाही. एका शिकवणीत मास्तरने अदबीने विचारलं, "काका, बाकीची अक्षरं?" मामा म्हणाले, "ती माझ्या कामाची नायत. ठेवा तुमच्याकडं."

माझा पारा चढला. दीड महिना माझं दुकान अडवून चार अक्षरं? "चार अक्षरांचा कधी फाँट होतो का?" मी तोडूनच बोलले. मामांनी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी सांगितलं.

'भाग्यलक्ष्मी' ही संदेशची बोट. संदेशची आई म्हणजे मामांची मोठी बहीण, आक्का. मामांना शाळेत घातलं तेव्हा आक्का आईबरोबर मासळीची टोपली घेऊन बाजारात जायला लागल्या होत्या. अक्षरओळख कधी झालीच नाही. पण बंदरावर बसून आधी नवऱ्याची आणि मग मुलाची बोट त्या सगळ्यांआधी ओळखायच्या, पाटीवरून. पाटी वाचायच्या नाहीत, बघायच्या. "ती शेपटीवाली माझी," म्हणायच्या. ती शेपटी मामांच्या हातची.

गेल्या मोसमात संदेशने पाटी बदलली. स्टिकर मीच कापलं होतं, मशीनमधल्या तयार अक्षरांचं. तसं मी आणखी वीसेक बोटींना दिलंय. रंगही सगळ्या बोटींचा सारखाच. भाग्यलक्ष्मी धक्क्याला लागून मासळी उतरली तरी आक्का तिच्या पलीकडे, समुद्राकडे बघत बसल्या होत्या. शेवटी कोणीतरी हसत सांगितलं, "आक्का, तुमची बोट कधीच आली." त्या उठल्या, "म्हातारी झालंय मी," म्हणाल्या आणि घरी गेल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा बंदरावर जायच्या बंद झाल्या.

"संदेश फोन करतो ना हल्ली, आलो म्हणून?" मी विचारलं. मला काहीतरी बोलायचं होतं.

"ती म्हणते, फोन कुठूनपण लागतो. पाटी दिसली म्हणजे आला."

मला लाज वाटली. स्टिकर कापताना 'लक्ष्मी' मी फक्त टाइप केली होती.

बोटीवरची जुनी पाटी कधीच चुलीत गेली होती. बोटीच्या पूजेच्या एका फोटोवरून आणि आठवणीवरून मामांनी अक्षरं जुळवली होती. मी ती मशीनवर कापली. संदेश म्हणाला, "आधीची चांगली होती की," आणि मामांच्या तोंडाकडे बघून निमूटपणे लावून टाकली.

पहिल्या फेरीच्या बोटी परतायच्या दिवशी आक्कांना बंदरावर मी नेलं. मला पापलेट निवडता येत नाही, तुम्ही चला, असं सांगून. रत्नागिरीत जन्मून हे खोटं बोलणं सोपं नाही. मामा आधीच येऊन उभे होते, आम्ही दिसलोच नाही असं दाखवत.

आक्का पाण्याकडे पाठ करून बसल्या. बायका ओरडायला लागल्या तशी त्यांनी सवयीने मान वळवली. चार-पाच बोटी एकामागून एक आत येत होत्या. बाकीच्या बायका अजून कपाळावर हात धरून बघत होत्या, तोवर आक्का टोपली उचलून उभ्याही राहिल्या.

"आला माझा," त्या म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "सदू, पाटी तू काढलीस."

"व्हय."

"म्हंजे हात बरा झाला तुझा."

मी कॉम्प्युटरचं सांगायला तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला. "झाला बरा," ते म्हणाले.

आक्कांचे डोळे भरून आले. "दोन वर्सं देवीला गाऱ्हाणं घालतंय मी त्या हातासाठी. उद्या देवळात ये. नारळ तुझ्याच हातान फोड." आणि त्या लगबगीने धक्क्याच्या टोकाकडे निघाल्या.

मामा तिथेच उभे राहिले. हात अजून खिशातच होता. मी हळूच विचारलं, "आता हो, मामा?"

"नारळ फोडायला वळण लागत नाय गो," बहिणीच्या पाठीकडे बघत ते म्हणाले. "नुसतं हाणायचं."